सावडीची लाल गाडी

भातकुली, ५ नोव्हेंबर

देवानंद,

नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही. त्या लायकीचा तू राहिला नाही.

जनमात तुह्याशी बोलणार नाही, असं म्या पाडव्याच्या दिवशी आंगणात उभं राहून म्हटलं होतं. आणि खुशाल गावंडे बोलला तं बोलला. म्हणून तुहा फोन उचलत नाही. पण लिहिणार नाही, असं काही म्हटलं नव्हतं. पत्र लिहून झालं का रूपाली त्याचा फोटो काढून तुह्या व्हॉट्सॲपवर टाकीन. सून माही, मोबाईल माहा, त्यात तुह्या उपकाराचा काही संबंध नाही.

आता मले एक सांग. माणूस रागात 'जा एकटा' म्हणते. म्हटलं म्हणजे जायचं असते काय बे? शाळेपासून म्या तुले हजारदा 'मर तिकडे' म्हटलं असंन. मेला काय तू कधी? मंग हेच एक वाक्य बरं तुले ऐकू आलं. भाऊबीजेच्या पहाटे गाडी काढली न् नेपाळचा रस्ता धरला. शकुनवहिनीले सांगतलं, चौकातल्या पानवाल्याले सांगतलं, माह्या बायकोले फोन करून सांगतलं. ज्याच्या नावावर गाडी हाये त्याले नाही सांगतलं.

विसरला असशीन तं आठवण करून देतो. तुह्या बापाकडं एक बैल होता, माह्या बापाकडं एक. एका बैलानं वखर चालत नाही, म्हणून दोघायनं सावड केली. पंधरा दिवस जोडी तुमच्या फुलाच्या मळ्यात, पंधरा दिवस आमच्या कापसाच्या पऱ्हाटीत. अमावस्येले न् पुनवेले जोडी दार बदले. कागद नाही, साक्षीदार नाही, भांडण नाही. त्याच रीतीनं आपण अकोल्याच्या डॉक्टरची ही जुनी लाल गाडी घेतली. सारं गाव हासलं. दोन सीटची गाडी, वर टप नाही, खताचं पोतं मावत नाही, बायकालेकरं मावत नाहीत, न् भातकुलीच्या रस्त्यावर पोट घासते. हासू द्या म्हटलं. अमावस्या ते पुनव तुही, पुनव ते अमावस्या माही. आरटीओच्या दिवशी तू फुलं घेऊन नागपूरले गेला होता म्हणून कागदावर नाव माहं लागलं. नावानं काय होते, असं तूच म्हणाला होता.

पण सावडीचा एक कायदा आपल्या बापायनं जलमभर पाळला. जोडी गावाच्या शिवेबाहेर न्यायची असंन तं दोघायनं सोबत जायचं. परगावी बैल पडला-झडला तं मागून कोणी म्हणू नये का मले माहीत नव्हतं. तू तं देशाची शीव ओलांडाले निघाला, ते बी एकटा. तुहा बाप असता तं त्यानं तुले कासऱ्यानं हाणलं असतं.

आणिक ब्रेक डावीकडं ओढते, हे म्या कोजागिरीपासून सांगून राहिलो. डावा मडगार्ड चेपला तो ब्रेकपायीच. तुह्या मिस्त्रीनं चाक खोललं, न् म्हणे ब्रेक एकदम टकाटक हाये. त्या गाढवाच्या भरवशावर तू घाट चढणार हायेस.

पुनवेले माही पाळी सुरू होते. त्या दिवशी गाडी माह्या दारात पाहिजे. ओळी वाकड्या दिसत असतीन तं त्याचं कारण हे का बाज झोलली हाये न् मी तिच्यावर बसून लिहून राहिलो.

खुशाल


भातकुली, ७ नोव्हेंबर

देवानंद,

मी तुले परत ये म्हणून लिहितो, न् तू मले जबलपूरचा फोटो पाठवतो. वा रे वा.

फोटो रूपालीनं दाखवला. मोबाईलची काच एवढीशी, तिच्यात कोणाले काय दिसते? मंग तिनंच सांगतलं का मागं नर्मदेचा धबधबा हाये, समोर गाडी हाये, गाडीले चिखल लागला हाये, न् तू काळा चष्मा लावून बत्तिशी काढून उभा हायेस. आणि माह्या सीटवर तुही वळकटी. तिले पट्टा लावून बसवली म्हणते! मी बसलो का कधी पट्टा लाव म्हटलं नाही तू. वळकटीची बरी काळजी तुले. ती उचल तिथून. मागं फेक, पायाशी ठेव, नर्मदेत सोड, काही कर. त्या सीटवर नको.

आज मले आणिक एक गोष्ट कळली. वच्छलानं तुले जाताना अनारसे न् चिवडा बांधून दिला होता. माह्या घरातून, माह्या पाठीमागं! विचारलं तं म्हणते, माणूस लांब चालला, रिकाम्या हातानं कसा जाऊ देऊ. मी इथं तुह्याशी जलमाचा अबोला धरला न् माही बायको तुले शिदोरी देते. या घरात माह्या शब्दाले काही किंमतच राहिली नाही.

तू शकुनवहिनीपाशी म्हणाला म्हणे, खुशाल भेला. मी भेलो? दिवाळीपासून कापूस फुटून राहिला, बाया मिळत नाहीत, अन् तू म्हणतो चाल बर्फ पाहाले. तू फुलवाला माणूस. दसरा-दिवाळीले झेंडू इकला का मोकळा. आमचं तसं नसते. वेचणीवर वच्छला न् रूपाली असतात, पण बांधावर बसून कोणीतरी लक्ष ठेवाच लागते. ते काम सोपं हाये असं समजू नको.

गाडी घेतली तवापासून दर साली तू म्हणत आला, खुशाल, बर्फाचा डोंगर एकदा उघड्या गाडीतून पाहू. दर साली म्या म्हटलं, पुढच्या साली. तू थांबत आला. बरोबर? मंग याच साली तुले कोणती घाई झाली होती? एक साल आणिक थांबला असता तं डोंगर काय पयून जात होता?

जबलपूरवरून परत फिर. रस्ता चांगला हाये.

खुशाल


भातकुली, १२ नोव्हेंबर

देवानंद,

अक्षर रूपालीचं हाये, बोलून मी राहिलो. कापूस वेचताना बोंडाचं टोक बोटात रुतलं, बोट सुजलं. दुसरं काही नाही.

ठेसला ना लेका? सोनौलीच्या नाक्यावर अडकला ना? वच्छलानं सांगतलं तवा मी जेवत होतो. एक भाकर जास्त खाल्ली. तो नेपाळच्या शिवेवरचा भन्सारचा, म्हणजे कस्टमचा, साहेब मोठा शहाणा माणूस दिसते. गाडीचं पुस्तक पायलं, तुहा चेहरा पायला, न् म्हणाला का गाडी खुशालराव गावंडेची, तू कोण? मालकाचं परवानगीचं पत्र आण, नाही तं मालकाले आण. बरोबर म्हणाला. जे माह्या घरातल्या लोकायले कळलं नाही ते परक्या देशाच्या माणसाले कळलं.

तू त्याले सावड समजावून सांगत बसला म्हणे. बैलाची गोष्ट हिंदीतून! अबे, अमरावतीच्या माणसाले सांगतली तं तो हासते. नाक्यावर कोण ऐकून घेईन? आपणच येडे. आपल्याले वाटलं का बैलजोडीले कागद लागला नाही तं गाडीले काहून लागीन.

आता तू म्हणतो, खुशाल, दोन ओळी लिहून दे. नाही देत. शकुनवहिनी काल इथं येऊन बसली, तिलेबी नाही म्हटलं. वच्छला सकाळपासून माह्याशी बोलली नाही, तरीबी नाही. तू भाड्याच्या खोलीत पडून राय, मच्छर मार, न् विचार कर का आपण काय केलं. शिवेबाहेर दोघं, नाही तं कोणीच नाही. माही सही पाहिजे असंन तं गाडी वळव न् भातकुलीले ये. आंगणात उभा राय न् सर्वायसमोर म्हण, का म्या तुले सोडून जाले नव्हतं पाहिजे.

खुशाल

काकाजी, नमस्कार. इथून खालचं मी रूपाली माझ्या मनानं लिहीत आहे. मामाजींना हे कळणार नाही, कारण त्यांना आता वाचता येत नाही.

त्यांच्या बोटाला काही झालं नाही. कोजागिरीला ते गाडी घेऊन येत होते, तेव्हा नाल्यावरच्या पुलाचा डावा कठडा त्यांना दिसलाच नाही. ब्रेक चांगले आहेत. तुमचा मिस्त्री खरं बोलला. आम्ही त्यांना अकोल्याला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं सगळं गेलं, मधलं थोडं उरलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंब टाकून टिकवायचं. किती टिकेल ते त्यांनाही सांगता आलं नाही.

पाडव्याला तुम्ही बॅग घेऊन आलात ना, तेव्हा मामाजींचीही बॅग भरलेली होती. स्वेटर, कानटोपी, सगळं. आदल्या दिवशीपर्यंत ते जायचं म्हणत होते. तुम्ही अंगणात येऊन गाडीची चाबी त्यांच्यासमोर धरली आणि म्हणालात, पहिला टप्पा तू चालव. त्यांनी बॅग पायानं बाजेखाली सारली आणि भांडण काढलं. ती अजून तिथंच आहे. सासूबाईंनी काढली तर मामाजी ओरडतात.

सही मी आणू शकते. पण तुम्हाला हे माहीत असावं असं वाटलं. रागावू नका.

रूपाली


भातकुली, १३ नोव्हेंबर

देवानंद,

घरभेदी म्हणतात ते हेच. माह्या सहीखाली माह्याच सुनेनं माह्या डोळ्यायचा पंचनामा लिहून पाठवला! आणि मजा पाय, हे पत्रबी मले तिच्याच हातून लिहून घ्यावं लागते. दुसरं कोण हाये? आता दर ओळ वाचून दाखव म्हणतो. पण जे लिहिलं तेच वाचते का आणिक काही, हे कोणाले माहीत. ती हासून राहिली. हेबी लिही म्हटलं.

तू तरी काय केलं? गुपचूप बसायचं, तं बोललेलं रेकॉर्ड करून पाठवलं. वच्छलानं ते ओसरीवर मोठ्या आवाजात लावलं. वेचणीच्या बाया पाणी पिऊन राहिल्या होत्या, त्यायनंबी ऐकलं. आता साऱ्या भातकुलीत झालं का खुशालरावले दिसत नाही. सरपंचाले माहीत, पानवाल्याले माहीत. सकाळी एक जण रस्त्यात माहा हात धरून मले पार करून द्यायले आला. मले! त्याच्या बापाले म्या पोहाले शिकवलं.

तं ऐक. समोरचं दिसते. बाजूचं गेलं. ताटातली भाकर दिसते, वाटी हातानं धुंडा लागते. कोणी बाजूनं आलं तं एकदम अंगावर आल्यावानी वाटते. लिहाले बसलो तं ओळीवर ओळ चढते. झालं समाधान? आता तू म्हणशीन, मले काहून नाही सांगतलं. काय सांगू? गाडीत सीट दोन. एकानं चालवायचं न् दुसऱ्यानं पाहायचं. मले चालवता येत नाही न् पाहाताबी येत नाही. मंग त्या सीटवर मी बसलो काय न् तुही वळकटी बसली काय, काय फरक हाये? बसलेल्या बैलाले जोडीत कोणी ठेवत नाही. तू सावड मोडशीन, म्हणून म्याच मोडली. दुसऱ्यानं मोडण्यापेक्षा आपण मोडलेली बरी. खरं सांगतो, त्या दिवसापासून मले नीट झोप नाही. आणि याचाबी राग मले तुह्यावरच येते.

तुहं ते बोलणं म्या तीनदा लावाले सांगतलं. फक्त भांडाले मुद्दे पाहिजे म्हणून. तू म्हणाला, "खुशाल, तुह्या बापाचा ढवळ्या डोळ्यानं अधू झाला, तवा माह्या बापानं सावड मोडली नाही. मळणीच्या खळ्यात त्याले मधात गाडलेल्या मेढीच्या अंगाले जुंपलं, तिथं फेरा लहान असते. मले तुहा कागद नको. मालक पाठव."

म्हणजे आता मी ढवळ्या. वा. नाक्यावर बसून तुले हेच सुचलं.

आणि कीव कोणाची करतो बे तू? तुह्या मनात काय हाये ते मले माहीत हाये. तू मले नेशीन, प्रत्येक ढाब्यावर माहा हात धरशीन, लोक तुले म्हणतीन, पाय किती मोठ्या मनाचा माणूस, आंधळ्या दोस्ताले डोंगर दाखवाले आणलं. दाखवाले! मले तुह्या मोठ्या मनाचं सामान होऊन यायचं नाही.

म्हणून आज वकिलाकडं जाऊन परवानगीचं पत्र केलं. शिक्क्यासकट सोबत जोडलं हाये. गाडी परदेशात न्यायले देवानंद होले यांना माही पूर्ण परवानगी हाये, असं त्यात लिहिलं हाये. नाक्यावर दाखव, शीव ओलांड, न् जा. कायदा माहा बाप न् तुहा बाप घेऊन गेले. थंडीत इंजिन गरम होऊ देत जा, एकदम पळवू नको. पोखऱ्यात डोंगर सकाळी मोकळा असते म्हणतात, मंग ढग येतात. उशिरा उठू नको. आल्यावर मले काही सांगू नको.

खुशाल


भातकुली, १६ नोव्हेंबर

देवानंद,

फाडलं!

माह्या सहीचा, वकिलाच्या शिक्क्याचा कागद त्वा दुकानातून छापून घेतला, न् दोन तुकडे करून त्याचा फोटो मले पाठवला. रूपालीनं पायलं न् 'अरे देवा' म्हणाली. मले वाटलं अपघात झाला. मंग म्हणाली, मामाजी, काकाजीनं कागद फाडला. अबे, ती सही कराले मले किती त्रास झाला तुले माहीत हाये? पेन टेकवायची जागा सापडेना. वकिलाच्या समोर रूपालीनं माहं बोट धरून जागा दाखवली, शाळेत पहिल्या दिवशी धरतात तसं. वकील दुसरीकडं पाहाले लागला. एवढा अपमान गिळून केलेली सही, न् तू फाडली. आता दुसरी करणार नाही. तुह्यासाठी तं नाहीच नाही.

आणि वरून काय पाठवतो, तं एवढंच, का मी इथंच बसलो हाओ, तू ये नाही तं नको येऊ. हे काय बोलणं झालं? मळ्यात तुहा शेवंतीचा तोडा आला, शकुनवहिनी एकटी बाया लावून तोडून राहिली. शेवटी वच्छला गेली तिच्या मदतीले. तू सोनौलीत पाय पसरून बसला, न् इकडं दोन घरच्या बाया तुह्यापायी राबतात. लाज वाटली पाहिजे.

काल पुनव झाली.

पुनव झाली म्हणजे गाडी माही. आता ती तुह्यापाशी राहणं हे सावडीच्या हिशेबानं चोरी हाये. पोलिसात जात नाही, कारण दोस्तीखातर एवढी सूट देतो. पण माही वस्तू मले ताब्यात घ्याच लागीन. गाडी माह्या दारात आली नाही, तं मले गाडीपाशी यावं लागते. दुसरा कोणता इलाज तू ठेवला नाही. म्हणून येऊन राहिलो. कोणी बोलावलं म्हणून नाही, डोंगराले नाही, तुह्यासाठी तं मुळीच नाही. माही पाळी घ्यायले येऊन राहिलो. माह्या पाळीत गाडी कुठं न्यायची ते मी ठरवणार, न् तू डायवर. डायवरनं मालकाशी कसं वागायचं ते तुले माहीत असंन.

उद्या बडनेऱ्यावरून निघतो. नागपूरपर्यंत योगेश सोबत हाये, तिथं तो मले गोरखपूरच्या गाडीत बसवून देईन. तो म्हणे, बाबा, मी शेवटपर्यंत येतो. नाही म्हटलं. बाप परदेशात चालला न् सोबत पोरगं, हे शोभत नाही. वीस तारखेचं मतदान बुडते. आजपर्यंत एक मतदान चुकलं नव्हतं, तेबी तुह्या खात्यात लिहून ठेव.

बॅग वच्छलानं बाजेखालून काढली. म्या काही म्हटलं नाही. तिनं त्यात पुन्हा अनारसे भरले, म्हणते देवानंदभाऊचे संपले असतीन. डोळ्यायचे थेंब वरच्या कप्प्यात हायेत. ते रातच्याले टाका लागतात, मले नेम साधत नाही, गालावर पडतात. तू टाकशीन. आधी हात साबणानं धुशीन. तुह्या हाताले खताचा वास असते.

डोंगर आला का मले 'वा वा, काय सुंदर' असं सांगू नको. तसं टीव्हीवाले सांगतात. नीट सांग. कुठून सुरू होते, बर्फ कुठवर हाये, त्याच्या खाली काय पेरलं हाये. समोर मान धरून बसलो तं एक तुकडा मले दिसतेच. बाकीचा तू सांग, मी जोडून घेईन. आणि जे नाही ते सांगू नको. तू लहानपणापासून थापाड्या हायेस, मले लगेच कळते.

आता फलाटाचं ऐक, हे महत्त्वाचं हाये. गोरखपूरचा फलाट लय लांबलचक हाये म्हणतात, गर्दीबी मोठी. डब्यातून उतरल्यावर मले तू दिसणार नाहीस. तू बाजूनं येशीन न् मी दचकीन, ते मले लोकायसमोर नको. पयत येऊन माहा हात धरू नको. एका जागी उभा राय न् बोंबलत राय. नाव घेऊन शिव्या दे, जशा मळ्याच्या बांधावरून देतो तशा, थांबू नको. मी आवाजावर येतो.

खुशाल